तुम्ही विचारलंत म्हणून : अ‍ॅलर्जी आहे, तर मांजर कुठल्या जातीचं घ्यावं?

रस्त्यावरच्या मांजरांना घरं शोधून देण्याचं काम मी सोलापुरात करते, आणि मला स्वतःला मांजरांची अ‍ॅलर्जी आहे. या दोन्ही गोष्टी ज्यांना ठाऊक असतात, ते हमखास एक प्रश्न विचारतात. "लेकीला मांजर हवंय, पण ह्यांना लगेच शिंका सुरू होतात. कुठल्या जातीचं घेतलं तर त्रास होणार नाही?" काहींनी जात आधीच ठरवलेली असते. सायबेरियन, नाहीतर ते बिनकेसांचं स्फिंक्स. माझा फक्त होकार हवा असतो.

तो मला देता येत नाही, कारण त्रास न देणारी जात अस्तित्वातच नाही. तुम्हाला सोसेल असं एखादं मांजर मात्र असू शकतं. ते शोधावं लागतं, आणि शोधताना जातीचा उपयोग फार थोडा होतो.

मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, हे आपल्याकडे घरोघरी ऐकवलं जातं. आजारी पाडणारी गोष्ट केस नव्हे. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत एक प्रोटीन तयार होतं, त्याला फेल डी १ म्हणतात. मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांचं शरीर याच प्रोटीनवर चिडतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते आणि तिचे बारीक कण हवेत उडतात. यातले काही इतके हलके असतात की तासन्‌तास खाली बसत नाहीत. कपड्यांना चिकटून ते मांजर नसलेल्या घरांत आणि शाळांतही पोचतात. स्फिंक्सला केस नसले तरी लाळ आहे, कातडी आहे, म्हणजे प्रोटीनही आहे. उलट तेल शोषून घ्यायला केस नसल्यामुळे त्याला साधारण दर आठवड्याला अंघोळ घालावी लागते. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. उन्हाळ्यात पिंपातलं पाणी मांजराच्या अंघोळीसाठी राखून ठेवणं किती घरांना जमेल, याचा विचार आधी करा.

सायबेरियन जातीतल्या काही मांजरांत हे प्रोटीन कमी आढळलं आहे, हे खरं. पण ती मोजकी मांजरं. एकाच जातीतल्या दोन मांजरांत जेवढा फरक पडतो, त्यापुढे दोन जातींमधला फरक टिकत नाही. डेव्हन रेक्स आणि कॉर्निश रेक्स यांचे केस आखूड आणि कुरळे असतात, ते कमी गळतात. घर झाडायला सोपं जातं, एवढाच त्याचा अर्थ. मांजराचा रंग किंवा केसांची लांबी पाहूनही खात्रीचं काही सांगता येत नाही.

माझ्या घरात दोन मांजरं आहेत, दोन्ही गावठी. शेंगा आणि बुंदी. खाणं एक, घर एक, दोघींचीही नसबंदीची ऑपरेशनं झालेली. शेंगाच्या पोटात तोंड खुपसून मी दुपारी झोपू शकते. बुंदीला नुसतं कुरवाळून तोच हात डोळ्याला लागला की डोळा लाल होतो. जातीचं प्रमाणपत्र दाखवून कुणी खात्री देऊ लागलं की मला या दोघी आठवतात.

आता आपल्या गावाबद्दल थोडं. पुण्याहून किंवा हैदराबादहून मागवलेलं मांजर बहुधा पर्शियन असतं, आणि विकणारा ते 'हायपोअलर्जेनिक', म्हणजे अ‍ॅलर्जी न करणारं, म्हणून सांगतो. पर्शियन मांजर ही प्रोटीन तितकंच तयार करणारी, लांब केसांची, बसक्या नाकाची जात आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, फार तापलं की ते धापा टाकतं. बसक्या नाकाच्या मांजराला तेही नीट जमत नाही. सायबेरियनच्या अंगावर तर कडाक्याच्या थंडीसाठीचा तिहेरी थर असतो. दुपारी वीज गेली आणि घरात माणूस नसेल, तर त्या जिवाचं काय होत असेल? माणसाच्या शिंका वाचवायच्या म्हणून मांजराला इथल्या उन्हात कोंडणं मला पटत नाही, आणि शिंका तरी कुठे वाचतात?

जात विचारण्याआधी एक करा. त्रास खरोखर मांजराचाच आहे का, ते तपासून घ्या. हे शहर धुळीचं आहे. पूर्व भागात घराला लागून यंत्रमाग असतो, सुताची भुकटी हवेत असते. ज्या घरात विड्या वळतात तिथे तंबाखूची धूळ असते. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत फुलतं. गाद्या-चादरींत धुळीतले सूक्ष्म किडे असतात, त्यांना कूलरचा दमटपणा मानवतो. आळ मात्र मांजरावर येतो. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे कातडीवर टोचून करायची चाचणी असते, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. त्याआधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस, बहुधा आठवडाभर, बंद ठेवाव्या लागतात. त्या डॉक्टरांना विचारूनच बंद करा. गोळी थांबवणं शक्य नसेल तर रक्ताची चाचणीही होते. अंगावर गोल, कडेने लाल असे चट्टे उठले असतील तर ते बहुधा अ‍ॅलर्जीचे नव्हेत. ते गजकर्ण असू शकतं, तो बुरशीचा आजार आहे. तो मांजराकडून माणसाला लागतो आणि औषधाने दोघांचाही बरा होतो. अशा चट्ट्यांपायी घराबाहेर काढलेली मांजरं माझ्याकडे आली आहेत.

अ‍ॅलर्जी मांजराचीच निघाली आणि ती शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं एवढ्यावर थांबत असेल, तर पुढे जायला हरकत नाही. मी पूर्ण वाढलेलं, ऑपरेशन झालेलं गावठी मांजर सुचवते. ऑपरेशन न झालेल्या बोक्यात हे प्रोटीन सगळ्यांत जास्त असतं आणि ऑपरेशननंतर कमी होतं. म्हणून मांजरी, नाहीतर ऑपरेशन झालेला बोका. पिल्लू गोड दिसतं, पण मोठं झाल्यावर ते तुम्हाला किती सोसेल हे पिल्लूपणी कळत नाही.

मग त्या मांजराबरोबर बसायचं. दुकानात पाच मिनिटं उचलून घेण्याला मी बसणं म्हणत नाही. संध्याकाळभर बसा, त्याला अंगावर येऊ द्या, हात लावा, आणि घरी जाऊन रात्र काढा, कारण त्रास काही तासांनीही उठतो. काही दिवसांनी पुन्हा या. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्यानेच यायचं, बायकोला पाठवून चालत नाही! आणि ज्या घरात दुसरीही मांजरं आहेत तिथे अंदाज चुकतो, म्हणून मी ते एक मांजर वेगळ्या खोलीत ठेवते. तरीही जमतंय असं वाटलं तर दोन-तीन आठवड्यांसाठी तुमच्या घरी देते.

घरातली व्यवस्था साधी आहे. झोपायच्या खोलीत मांजर नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. नंतर दार बंद केलं तर ते रात्रभर दारात रडतं. शहाबादी फरशी असेल तर छानच, ती ओल्या फडक्याने पुसता येते. कोरड्या झाडूने कण वर उठतात. गालिचा काढून टाका. सोलापुरी चादर दर आठवड्याला धुवा, प्रोटीन साबणाच्या पाण्यात निघून जातं. कूलर बाहेरची हवा आत घेतो, एसी आतलीच हवा फिरवत राहतो, म्हणून एसीच्या खोलीत हेपा फिल्टरचं, म्हणजे हवेतले बारीक कण गाळणारं, यंत्र लावलं तर फरक पडतो. मांजराला अंघोळ घालून प्रोटीन कमी होतं, पण दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतं, त्यामुळे तो खटाटोप सोडून द्या. परदेशात २०२० पासून एक खाद्य आलं आहे. त्यातली अंड्यातून काढलेली अँटीबॉडी लाळेतल्या प्रोटीनला निष्क्रिय करते. कंपनीच्या स्वतःच्या अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय प्रोटीन सरासरी ४७ टक्क्यांनी घटलं. म्हणजे निम्म्याहून अधिक उरलंच. औषधगोळी, नाकातला फवारा, इम्युनोथेरपीची (शरीराला त्या प्रोटीनची हळूहळू सवय लावणारी) काही वर्षं चालणारी इंजेक्शनं, हे सगळं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

दमा असेल तर मी मांजर देत नाही. छातीत घरघर होणारं मूल घरात असेल तर आईबापांनी कितीही गळ घातली तरी नाही. एकदा मांजर घरात राहून गेलं की ते प्रोटीन भिंतींवर, गाद्यांत कित्येक महिने उरतं. त्या मुलासाठी "बघू या, नाहीतर परत देऊ" असं म्हणायची सोय नाही.

आणि मांजराच्या बाजूनेही ती सोय नाही. सहा महिने सोफ्यावर झोपलेलं मांजर कुणीतरी पिशवीत घालून तळ्याकाठी किंवा मंडईत सोडतं, तेव्हा त्याला ना गल्लीतल्या बोक्यांशी भांडता येतं, ना खाणं शोधता येतं. म्हणून देताना मी लिहून घेते. सोसलं नाही तर मांजर माझ्याकडेच परत येईल, आणि आणताना कुणी संकोच करायचा नाही.