वजनकाटा, पाळी आणि पाळणा

कुस्तीत काटा दोनदा येतो. पॅरिस ऑलिंपिकला नियम असा होता: पहिल्या दिवशी सकाळी अर्धा तास, फायनल किंवा रेपेचाज (हरलेल्यांना पदकाची दुसरी संधी देणारी फेरी) असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात कितीदाही काट्यावर चढा, पण अंगावरच्या कॉश्च्युमची सूट नाही. ७ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाट त्या पंधरा मिनिटांत १०० ग्रॅमनं हुकली. त्या १०० ग्रॅमवर सगळे बोलले. ५३ किलोची मुलगी मुळात ५० ला का उतरली होती, हे फार कमी जणांनी विचारलं. ५३ ची ऑलिंपिक जागा अंतिम पंघालनं मिळवली होती, आणि ५० आणि ५३ च्या मध्ये ऑलिंपिकमध्ये गटच नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये विनेशला मुलगा झाला आणि डिसेंबरात तिनं मॅटवर परतायचं जाहीर केलं. आता तिचं शरीर तेच नाही, काट्यावरचे गट मात्र तेच आहेत.

लढणाऱ्या मुलींच्या बाबतीत करिअर, बाळ आणि शरीरावरचा हक्क हे तीन वेगळे प्रश्न आहेत असं समजून सल्ले दिले जातात. प्रत्यक्षात तिन्ही एकाच गोळीत, एकाच फॉर्मवर येऊन भेटतात. म्हणून सुरुवात गोळ्यांपासून.

पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, काट्यावर एखादा किलो सहज वाढतो. मग तालमीत कुणीतरी 'पाळी पुढे ढकलायची गोळी' सुचवतं. ती बहुतेक वेळा नॉरइथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची असते: अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीन वेळा, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी. इथे तीन ठिकाणी गफलत होते. एक, या गोळीनं काहींचं अंग फुगतं, म्हणजे ज्या किलोसाठी घेतली तो किलो राहतोच. दोन, अशी घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नसते, पण 'गोळी चालू आहे' म्हणून मुली निर्धास्त राहतात. तीन, तिचा अंश लघवीत १९-नॉरअँड्रोस्टेरॉन म्हणून दिसू शकतो, आणि नँड्रोलोन या स्टेरॉइडची खूणही तीच. गोळीवर बंदी नाही, पण डोपिंगच्या फॉर्मवर 'गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं' या रकान्यात ती लिहिलीच पाहिजे. गरोदरपणातही हीच खूण थोड्या प्रमाणात दिसते, म्हणून प्रयोगशाळा अशा नमुन्यात गर्भ आहे का हेही तपासते. म्हणजे बाईला स्वतःला कळायच्या आधी तिची बातमी लॅबला कळू शकते. गोळी घ्यायचीच असेल तर आधी सरावाच्या महिन्यात घेऊन पाहा. पहिल्यांदा थेट राज्य स्पर्धेत नको. घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल, तर पाणी तोडून वजन उतरवताना ती घेणं हा शुद्ध धोका आहे.

याहून मोठा खड्डा सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. 'छाया' नावाची आठवड्याची गर्भनिरोधक गोळी (बाजारात हीच 'सहेली') म्हणजे ऑर्मेलॉक्सिफीन: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. संप्रेरकांची नाही, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते, आशाताई घरी आणून देतात. बाईसाठी चांगली गोळी. पण ती ज्या औषधगटात मोडते, तो गट वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) यादीत बारा महिने बंदी असलेला आहे. टॅमॉक्सिफेनही त्यातच बसतं. दुसरे पर्याय असताना गर्भनिरोधनासाठी तिला वैद्यकीय सूट मिळेल अशी आशा धरू नका. 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनवर बंदी नाही, पण तीन महिन्यांतून एकदा घेतलं की परत काढून घेता येत नाही. काहींचं वजन वाढतं, हाडांची घनता थोडी उतरते, आणि बंद केल्यावर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात. ज्यांना ऑलिंपिक संपल्यावर लगेच मूल हवं आहे त्यांनी हे महिने आधीच मोजावेत. तांबीचा काट्याशी संबंध नाही. फक्त पहिले तीन-सहा महिने रक्तस्राव जास्त होतो, म्हणून ती हंगाम संपल्यावर बसवावी आणि हिमोग्लोबिन पाहावं.

दिवस राहत नाहीत म्हणून उपचार घेणाऱ्यांसाठी: लेट्रोझोल आणि क्लोमिफीन, दोन्हींवर बंदी आहे. वर्षानुवर्षं वजन उतरवून पाळी बिघडलेल्या मुलींना स्त्रीरोगतज्ज्ञ हीच लिहून देतात, आणि त्यांना बिचाऱ्यांना वाडाची यादी ठाऊक असायचं कारण नाही. चिठ्ठी हातात आली की आधी वैद्यकीय सवलतीचा अर्ज, मग गोळी.

आता गर्भचाचणीचं. बॉक्सिंगमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेआधी सज्ञान मुलीनं 'मी गरोदर नाही' असं लिहून द्यायचा नियम होता. लिहून द्यायचा, रक्त-लघवी द्यायचा नव्हे. तरी २०१४ मध्ये दक्षिण कोरियातल्या जेजूच्या जागतिक स्पर्धेला निघालेल्या भारतीय मुलींच्या थेट चाचण्या करवल्या गेल्या आणि त्यावर बराच गदारोळ झाला. सुरक्षेचं कारण खोटं नाही, पोटावर ठोसा बसतो. पण चाचणीचा कागद कुणाच्या हातात जातो, हा खरा प्रश्न. कोच, मॅनेजर, संघटनेचा कारकून यांच्यापैकी कुणालाही तो पाहायचा हक्क नाही. चाचणी घरी करा. सकाळची पहिली लघवी, पाळी चुकल्यावर आठवड्यानं. निकाल कुणाला सांगायचा ते तुम्ही ठरवा.

गर्भ ठेवायचा की नाही, तेही तुम्हीच. १९७१ चा गर्भपाताचा कायदा, २०२१ ची दुरुस्ती: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, नियमांत दिलेल्या परिस्थितीत २४ पर्यंत दोघांचं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित मुलींनाही २४ आठवड्यांच्या तरतुदीत घेतलं. सज्ञान असाल तर सही फक्त तुमची. नवऱ्याची, वडिलांची, वस्तादांची नाही. अनेक ठिकाणी नवऱ्याची सही मागतात. ती त्या दवाखान्याची सवय झाली, कायदा नव्हे. नाव उघड करणं हा डॉक्टरसाठी गुन्हा आहे. गोळ्यांनी होणारा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. त्यानंतर रक्तस्राव साधारण दोन आठवडे चालतो. तो थांबून हिमोग्लोबिन १२ च्या वर आल्याशिवाय जोड (सरावाची कुस्ती) धरू नये.

गर्भ ठेवायचा असेल तर पहिली बंद करायची गोष्ट लढत नाही, घाम काढणं. रबरी सूट, सॉना, गरम पाण्याचा टब: पहिल्या सहा आठवड्यांत अंगाचं तापमान ३९ अंशांवर गेलं तर बाळाच्या मज्जारज्जूला धोका असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत बाईला दिवस गेल्याचं माहीत नसतं. जोड आणि स्पारिंग कळल्या दिवसापासून बंद. बैठका, हलकी वजनं, सायकल, बॅगवर मोजके ठोसे चालतात. चौथ्या महिन्यानंतर पाठीवर लांब वेळ पडून व्यायाम नको.

बाळंतपणानंतर मात्र आपल्याकडे दोन टोकं. घरी सव्वा महिना शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू, तालमीत 'अमकी दोन महिन्यांत उभी राहिली'. सव्वा महिन्याची विश्रांती उत्तम आहे. पोट करकचून बांधणं नाही. त्यानं पोटाच्या मधल्या दोन स्नायूंमध्ये पडलेली फट बुजत नाही, उलट दाब खाली ओटीपोटाच्या तळावर जातो. फट स्वतः तपासा: उताणं झोपा, गुडघे दुमडा, दोन बोटं बेंबीच्या वर आडवी ठेवा, श्वास सोडत फक्त डोकं आणि खांदे उचला. बोटं किती रुंद आणि किती खोल रुततात ते पाहा. दोन बोटांहून जास्त रुंद असेल, किंवा मधोमध पोट डोंगरासारखं वर येत असेल, तर ब्रिज, भारंदाज, उचलून फेकणं सगळं थांबवा. पोटाची भिंत बंद नसताना हे डाव मारले की कंबर जाते, आणि दोष 'बाळंतपणात कंबर गेली' म्हणून बाळाला लागतो.

पट (पाय धरून पाडायचा डाव) काढताना लघवीचे थेंब गळतात म्हणून काळी चड्डी घालून सराव करणाऱ्या मुली आहेत. हे 'होतंच' म्हणून सोडायचं नसतं. वायू अडवतो तसे स्नायू वर ओढून धरा, श्वास चालू ठेवून. आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने. श्वास रोखून खाली जोर दिला तर उलटंच काम होतं. शंभरात नव्वद जणी तेच करतात असं मी आकडा न मोजता म्हणेन. पळायला सुरुवात बारा आठवड्यांनंतर, तीही अर्धा तास भरभर चालणं, एका पायावर दहा उड्या आणि एका पायावर टाचा उचलण्याचे वीस फेरे विनागळती, विनादुखणं जमले तर. सिझेरियन असेल तर सहा आठवड्यांनी वरची कातडी जुळलेली दिसते, आतलं आवरण सहा महिन्यांनीही पूर्वीइतकं मजबूत नसतं.

आणि खुराक. आयसीएमआर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त सांगते. ५६ किलोची मुलगी, चरबी २० टक्के धरली तर बाकी शरीर ४५ किलो. दर किलोला किमान ३० कॅलरी म्हणजे १३५०, त्यात सरावाच्या ६०० आणि दुधाच्या ६००. झाले २५५०. हा तळ आहे, याखाली गेलं की पाळी परतत नाही, हाडं कमकुवत होतात, दूध आटतं. आता 'पटकन वजन उतरवायचा' १२०० कॅलरीचा तक्ता या हिशोबात कुठे बसतो ते पाहा. आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त उतरवू नये, पाणी तोडून तर अजिबात नाही. म्हणून पहिली स्पर्धा वरच्या गटात. मेरी कोमची जुळी मुलं ऑगस्ट २००७ ची, जागतिक सुवर्ण नोव्हेंबर २००८ चं: पंधरा महिने. फ्रान्सची ज्युदोपटू क्लॅरिस आग्बेन्येनू जून २०२२ मध्ये आई झाली, मे २०२३ मध्ये पुन्हा जगज्जेती. अकरा महिने, आणि हाताशी अख्खी यंत्रणा. जिल्ह्याच्या तालमीतल्या मुलीनं दीड वर्ष धरावं.

कागदाचं काम पाचव्या महिन्याच्या आत उरका. 'निवृत्त' हा शब्द कुठेही लिहू नका. डोपिंग चाचण्यांसाठी नाव नोंदलेल्या खेळाडूनं निवृत्ती कळवली, तर परतताना सहा महिने आधी लेखी सूचना देऊन चाचण्यांना उपलब्ध राहावं लागतं. उलट निवृत्ती दिली नसेल तर ठावठिकाणा भरणं (चाचणीसाठी रोज कुठे सापडाल ते कळवणं) गरोदरपणातही चालूच. माहेरी बाळंतपणाला गेलात तर माहेरचा पत्ता टाका. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी. रेल्वे-पोलिसातल्या मुलींना १८० दिवसांची पगारी रजा मिळते. जत्रेच्या इनामावर जगणारीला शून्य. क्रमवारीचं म्हणाल तर कॅनडाची बॉक्सर मँडी बुजोल्ड हिचं प्रकरण पाठ करून ठेवा. कोविडमुळे टोकियोची पात्रता जुन्या स्पर्धांवर ठरली, तेव्हा ती गरोदर आणि बाळंतीण होती. जून २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं सांगितलं की अशा खेळाडूंसाठी नियमात जागा केलीच पाहिजे, आणि ती टोकियोत लढली. आपल्या संघटनेला पत्र लिहिताना हा निकाल पहिल्या परिच्छेदात टाकावा.

पाजत असताना स्पर्धेला जाणाऱ्यांसाठी शेवटचं. काट्याआधी दोन्ही बाजूंचं दूध काढा. छाती हलकी होते, कुणी डोक्यानं दाबलं तर गाठ धरत नाही, आणि काटा शंभर-दोनशे ग्रॅमनं खाली येतो. दोन लढतींत तीन तासांहून जास्त अंतर असेल तर मध्ये परत काढा. घट्ट ब्रा फक्त लढतीपुरती. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, आपल्या मे महिन्यातल्या हॉलमध्ये त्याहून कमी, बर्फाच्या डब्यात चोवीस तास. डब्यावर वेळ लिहा. तो डबा कोचकडे नको, बाळाजवळ बसलेल्या माणसाकडे द्या, कारण लढत संपल्यावर डोपिंगवाले तुम्हाला थेट घेऊन जातात आणि लघवी व्हायला कधी कधी दोन तास लागतात.