कागदावरचं जेवण

टेक्सासमधल्या लॉकहार्ट गावात दुपारी दीडच्या सुमाराला कुठल्याही बार्बेक्यूच्या, म्हणजे धुरावर शिजवलेल्या मांसाच्या, टेबलाकडे पाहावं, तर ताट नावाची वस्तू दिसत नाही. दिसतात ते कागद. हाडं एका कोपऱ्यात, लोणच्याच्या काकडीची शेवटची चकती दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मध्ये तांबूस-तपकिरी कागदावर चरबीचा ऐसपैस डाग. उचलून उजेडाकडे धरला, तर पलीकडच्या खिडकीची चौकट अंधूक दिसावी असा.

हा डाग आपल्या ओळखीचा आहे. पावसाळी संध्याकाळी वर्तमानपत्राच्या चतकोरात बांधून आलेली कांदाभजी. पुडा सुटला की भजी दोन मिनिटांत संपायची आणि मग कागद वाचायला मिळायचा. अर्धं शब्दकोडं, कुणाच्या तरी श्रद्धांजलीचा निम्मा चेहरा, भाव वधारल्याची एक जुनी बातमी. जिथे तेल पोचलेलं असे तिथे मागच्या पानावरची अक्षरं उलटी होऊन पुढच्या अक्षरांत मिसळत, आणि ती सोडवत बसण्यात भज्यांइतकीच मजा होती. घरातलं कुणीतरी ‘शाई पोटात जाते रे’ म्हणून ओरडायचं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेच २०१६ साली पत्रक काढून सांगितलं.

कागद पारदर्शक होतो त्याचं कारण अगदी साधं आहे. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, तंतू आणि हवा यांच्या सीमेवर उजेड विखुरतो, म्हणून कागद अपारदर्शक दिसतो. तेलाने त्या फटी भरल्या की उजेड सरळ पार जातो. पाण्यानेही तसंच होतं, पण पाणी उडून जातं. म्हणून थोड्या वेळाने डाग टिकला तर ती चरबी, विरत गेला तर नुसता रस. चांगल्या ब्रिस्केटखालचा, म्हणजे छातीच्या मांसाखालचा, डाग टिकतो. कागद कोरडाच राहिला, तर स्वयंपाक्याचं किंवा तुमच्या उशिरा येण्याचं काहीतरी चुकलेलं असतं.

टेक्सासात हा कागद आला खाटकाच्या दुकानातून. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक लोक येऊन स्थिरावले, त्यांनी मांसाची दुकानं घातली. जे भाग खपत नसत ते धुरावर शिजवून विकत, आणि कापूस वेचायला आलेले मजूर ते वजनावर घेऊन, ज्या कागदात बांधून मिळे त्याच कागदावर, दुकानाच्या मागे बसून खात. ताट, काटा, चटणीची वाटी या गोष्टी तिथे नव्हत्याच. लॉकहार्टच्या ‘क्रॉइट्झ मार्केट’ने (स्थापना १९००) काटा आणि सॉस न देण्याचा बाणा कित्येक दशकं पाळला. सुऱ्या होत्या, पण टेबलाला साखळीने बांधलेल्या. सॉस मागणाऱ्यांबद्दल माझंही मत फारसं चांगलं नाही. बारा तास राखलेल्या धुरावर टोमॅटो आणि साखर ओतायची, तर मग धूर कशाला केला?

आता जायचं कसं. ह्यूस्टन-डॅलसच्या मराठी मंडळींची शनिवार-रविवारची बार्बेक्यूची फेरी बहुतेक वेळा एकाच कारणाने फसते. ठिकाणं सहा, पोट एक. चौथ्या ठिकाणी माणसं नुसते फोटो काढतात. दिवसाला दोन ठिकाणं पुरे. शनिवारी पहाटे निघून लेक्सिंग्टन गाठावं, कारण तिथलं ‘स्नोज’ आठवड्यातून एकदाच, शनिवारी, उघडतं आणि तेही सकाळी आठला. रांग त्याच्या बरीच आधी लागलेली असते. २००८ आणि २०१७ मध्ये ‘टेक्सास मंथली’ मासिकाने याला राज्यात पहिला नंबर दिला. इथल्या टूट्सी टोमनेट्झ या बाई १९३५ सालच्या. ऐंशी ओलांडल्यावरही फावड्याने निखारे ओढताना लोकांनी त्यांना पाहिलंय. सकाळी आठला फासळ्या खायच्या म्हटल्यावर काहींना कसंसंच होतं. तांबड्या रश्श्याची मिसळ सातला खाणाऱ्यांनी तरी हे बोलू नये.

तिथून साधारण पाऊण तासावर टेलर गावात ‘लुई म्युलर’, १९४९ पासूनचं. याची खूण काळी मिरी, इतकी की पहिल्या घासाला ठसका लागतो. रात्री ऑस्टिनला मुक्काम, आणि रविवारी दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर लॉकहार्ट. टोलच्या १३० क्रमांकाच्या रस्त्यावर तिथे ताशी ८५ मैलांची मुभा आहे, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर. अमेरिकेत याहून जास्त कुठेच नाही. २०१२ मध्ये हा पट्टा खुला झाला, त्या पहिल्याच रात्री गाड्यांना रानडुकरं आडवी आली. बार्बेक्यूच्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर डुकरांनी निषेध नोंदवला, असं म्हणायला हरकत नाही.

मागवताना वजनावर मागवायचं. दिवसाला दोन ठिकाणं असतील तर माणशी एका ठिकाणी पाव पौंड, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आत. चौघांत अर्धा पौंड ब्रिस्केट, दोन फासळ्या, एक सॉसेज, बस. ब्रिस्केट म्हणजे गोवंशाच्या छातीचा भाग. तो न खाणाऱ्यांनी टर्की आणि डुकराच्या फासळ्या घ्याव्यात. सॉसेजमध्ये बहुतेक ठिकाणी बीफ असतंच, आणि सगळं एकाच लाकडी ठोकळ्यावर एकाच सुरीने कापलं जातं, हे ज्याचं त्याने आधीच मनाशी ठरवावं. ब्रिस्केट खाणाऱ्याने ‘लीन’ नको, ‘मॉइस्ट’ म्हणावं. त्यात चरबीचा थर असलेला वरचा भाग मिळतो. तब्येतीला जपणारे लीन घेतात आणि घरी येऊन ‘काय एवढं त्यात’ म्हणतात. पाव, कांदा, लोणचं बहुतेक ठिकाणी त्यासोबतच येतं. तुकडा बोटावर आडवा टाकून पाहावा. तो दोन्हीकडे वाकला पाहिजे, पण तुटता कामा नये, आणि हलकं ओढल्यावर सुटला पाहिजे. आपोआप तुटला तर जास्त शिजला, रबरासारखा ताणला तर कमी.

या तुकड्यामागचं काम आदल्या दिवशीच सुरू झालेलं असतं. पाच-साडेपाच किलोचा तुकडा, वरची चरबी पाव इंच ठेवून बाकी तासलेली, त्यावर मीठ आणि जाडसर भरडलेली मिरी मापाला माप. दुसरं काही नाही. मग १२० ते १३५ अंश सेल्सिअसच्या धुरात दहा-बारा तास. लाकूड पोस्ट ओकचं, आणि ते नऊ-दहा महिने तरी वाळलेलं हवं. चुलीपुढे बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. ओलं लाकूड धुमसतं, पांढरा दाट धूर होतो, डोळे चुरचुरतात आणि भांड्यावर चिकट काजळी बसते. तीच काजळी मांसावर बसली की जीभ बधिर करणारा कडवटपणा येतो. चांगला धूर जवळजवळ दिसत नाही, धुराड्याच्या तोंडाशी नुसती निळसर थरथर.

साधारण ७० अंशांच्या आसपास एक गंमत होते. मांसाचं तापमान चढायचं थांबतं. दोन तास, कधी चार तास काटा हलत नाही. कारण पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं, तोच प्रकार. नवखे इथे घाबरून आग वाढवतात आणि बाहेरची बाजू करपवतात. जाणते इथे कागद काढतात.

तोच तांबूस कागद. न रंगवलेला, ज्यावर मेणाचा किंवा प्लॅस्टिकचा थर नाही असा. (फ्रीजरसाठीचा पांढरा कागद एका बाजूने प्लॅस्टिकचा असतो. तो चुकूनही वापरू नये.) मांस त्यात दोन वेढे देऊन घट्ट बांधतात. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्येही बांधतात, त्याने काम लवकर उरकतं, पण आत वाफ कोंडते आणि बाहेरचा काळा खरपूस थर, ज्याला ‘बार्क’ म्हणतात, भिजून लगदा होतो. कागद मात्र थोडी वाफ बाहेर सोडतो आणि चरबी स्वतः पिऊन बसतो. भाकरी गरम असताना डब्यात झाकणारे आणि फडक्यात गुंडाळणारे यांच्यात जो फरक, तोच हा. ९५ अंशांच्या आसपास सळई लोण्यात शिरावी तशी शिरली की उतरवायचं, आणि त्याच कागदात निदान दोन तास मुरू द्यायचं. लगेच कापलं तर सगळा रस ठोकळ्यावर. या सगळ्यात मांसाचं जवळजवळ चाळीस टक्के वजन जातं. पौंडाला तीसेक डॉलर का मोजावे लागतात त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

लॉकहार्टमध्ये ‘स्मिटीज’ला जाऊन भिंती पाहाव्यात. काजळीने काळ्याकुट्ट झालेल्या, आणि रांगेतल्या माणसाच्या पायाजवळ, जमिनीवरच, ओंडके जळत असतात. हीच क्रॉइट्झ मार्केटची मूळ वास्तू. तेव्हाच्या मालकाने धंदा मुलांना दिला आणि इमारत मुलीला, मग व्हायचं ते झालं. १९९९ मध्ये भावाने क्रॉइट्झचं नाव घेऊन पलीकडे मोठी जागा बांधली आणि जुन्या भट्टीतले निखारे टबात भरून रस्त्याने ओढत नव्या भट्टीत नेले. बहिणीने जुन्या जागेत वडिलांच्या टोपणनावाने स्मिटीज उघडलं. आपल्याकडे भावंडं विभक्त झाली की ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणतात. इथे ते अक्षरशः झालं, आणि गावाला दोन दुकानं मिळाली. दोन्हीकडे खावं. कुठलं सरस, यावर गाडीत वाद होतो आणि तो ह्यूस्टनपर्यंत पुरतो.

घरी न्यायचं असेल तर न कापता न्यावं. कापलेला तुकडा पंधरा-वीस मिनिटांत कडेने काळवंडून सुकतो. कागदातलाच गठ्ठा वरून फॉइलमध्ये गुंडाळावा. रस्ता दोन तासांहून लांब असेल तर बर्फाच्या पेटीत, उगाच कोमट ठेवू नये. दुसऱ्या दिवशी चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, १२० अंशांच्या ओव्हनमध्ये आतपर्यंत कडकडीत. मायक्रोवेव्हमध्ये तेच मांस वहाण होतं.

उरतो तो कागद. चरबी प्यालेला असल्यामुळे रद्दीत चालत नाही. पण टाकूही नये. चुरगाळून कोळशाखाली ठेवला की एका काडीत पेटतो आणि बराच वेळ जळतो. पुढच्या वेळची शेगडी त्याच्यावरच पेटवतात. भज्यांचा कागदही असाच ठेवलेला असायचा, न्हाणीघरातल्या बंबापाशी, सकाळसाठी. शब्दकोडं तेवढं अर्धंच राहायचं.