हात लावायचा की नाही?

आज भाचीला घेऊन गावातल्या एका प्रदर्शनाला गेलो, पाटीवर चक्क लिहिलेलं "हात लावून बघा" आणि चिऊने लाकडी चाक जरासं फिरवलं तर शिपाईकाका लांबूनच ओरडले, "ए बेटा, अडवानुं नहीं!" (गुजरातीत, हात लावायचा नाही!) पाटी दाखवली तर म्हणे ती पण प्रदर्शनातलीच असेल 😄

मला ब्राझीलची कलाकार लिजिया क्लार्क आठवली. १९६० च्या सुमारास तिने पत्र्याच्या तुकड्यांना बिजागऱ्या लावून 'बिशूस' केले, म्हणजे जनावरं, बघणाऱ्याने ते उलटायचे, दुमडायचे, हवा तो आकार द्यायचा हीच तर त्यातली गंमत, आणि आता तेच पुष्कळदा काचेआड. पण १९७१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट मॉरिसने लोकांना चढायला, तोल सांभाळायला सामान मांडलं तर पब्लिक इतकं सुटलं की काही दिवसांतच बंद करावं लागलं, त्यामुळे काकांनाही काय बोलणार.

आपल्या बडोद्यात फाइन आर्ट्स कॉलेजच्या फेअरसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार खेळणी बनवायचा, ती तर लोक घरीच न्यायचे!

येताना शेव उसळ खाल्ली. प्लेट समोर आली तर चिऊ हात मागे बांधून विचारते, "मामा, याला हात लावला तर चालेल ना?"