पटकथेसाठी कथा निवडताना

पहिली पटकथा लिहायला घेतली तेव्हा कथा कोणती निवडायची, याचा मी फारसा विचार केला नव्हता. अनेक वर्षे मनात घर करून राहिलेली एक दीर्घकथा होती आणि आपल्याला ती एवढी आवडते त्या अर्थी पडद्यावरही उभी राहीलच, असे मी गृहीत धरले होते. एक निवृत्त शिक्षक संध्याकाळी खिडकीत बसतो, जुने दिवस आठवतो, अंधार पडतो आणि कथा संपते. तिच्यावर मी सहा महिने घालवले आणि चार मसुदे लिहिले.

चौथा मसुदा काही जाणत्या मित्रांसमोर वाचला, तेव्हा पहिल्या पंधरा पानांत निवेदकाचा आवाज अकरा वेळा येतो, हे त्यांच्यापैकी एकाने मोजून दाखवले. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा या कामातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पंधरा मिनिटे प्रेक्षकाने खिडकीतल्या माणसाकडे पाहत बसायचे आणि त्याच्या मनात काय चालले आहे, ते कोणा तिसऱ्याकडून ऐकायचे. ‘त्याला नेमके हवे तरी काय आहे?’ असा प्रश्न दुसऱ्याने विचारला. इतक्या वेळा ती कथा वाचूनही माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते, आणि वाचताना मला तो प्रश्न कधी पडलाही नव्हता.

दोष कथेचा नव्हता. पुढे मूळ कथा पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली, तेव्हा ती जवळजवळ पूर्णपणे रीतिभूतकाळात लिहिलेली आहे, हे ध्यानात आले. ‘तो रोज शाळेच्या फाटकापर्यंत जात असे’, ‘मुले त्याला पाहून गप्प होत असत’. गद्याला अशा एका वाक्यात तीस वर्षे मावतात आणि त्या वर्षांचा थकवाही त्यात उतरतो. कॅमेऱ्याला मात्र ‘जात असे’ दाखवता येत नाही, तो एका दिवशी गेला एवढेच दाखवता येते. मग तो एकच दिवस कोणता, त्या दिवशी असे काय घडले की बाकीच्या साऱ्या दिवसांचा भार त्याने एकट्याने पेलावा, हे कथेत सापडले नाही तर रूपांतरकाराला ते स्वतः रचावे लागते. ते रचायला गेलो की मूळ कथा हातातून निसटत होती, आणि न रचावे तर पडद्यावर नुसती खिडकी उरत होती. अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या घटकांत कथानकाला पहिले आणि स्वभावचित्रणाला दुसरे स्थान दिले, ते विद्यार्थिदशेत मला पात्रांवर अन्याय करणारे वाटले होते. या चार मसुद्यांनंतर त्याबाबतची माझी तक्रार बरीच निवळली.

दुसऱ्या खेपेला मी पद्धत बदलली. मनात असलेल्या तीन कथा पुस्तक मिटून, आठवतील तशा, कधीही न वाचलेल्या माणसाला तोंडी सांगितल्या. आपल्या तोंडून लेखकाची भाषा आपोआप गळून पडते आणि जे घडले तेवढेच शिल्लक राहते. पहिली सांगताना मी स्वतःच दोनदा ‘नाही, पण ते लिहिलेय फार सुंदर’ असे म्हणालो, आणि तिथेच ती बाद केली. दुसरी कादंबरी होती. तिच्यातले काय वगळायचे, हेच ठरवण्यात वर्ष गेले असते. नव्वद ते एकशेवीस पानांच्या पटकथेला वीस-पंचवीस पानांची कथा बहुधा पुरते, आणि भर घालायला मोकळी जागा देते. तिसरी सांगताना ऐकणारा मध्येच ‘मग?’ म्हणाला.

ती दोन भावांची कथा होती. वडिलांच्या मागे घर रिकामे करायला दोघे एका रात्रीपुरते एकत्र येतात आणि थोरल्याने घराचा विसार परस्पर घेतलेला असतो. भाषा साधी, काही ठिकाणी तर कोरडीच. परंतु कोणाला काय हवे आहे आणि तो काय लपवतो आहे, हे दुसऱ्याच पानावर स्पष्ट होते. या वेळी एक ओळही लिहिण्याआधी लेखिकेची लेखी परवानगी घेतली. रूपांतराचा हक्क मूळ लेखकाचाच असतो, हे लेखकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातही स्पष्ट आहे, आणि पहिल्या खेपेला मी तेवढीही चौकशी केली नव्हती, हे आज सांगतानाही संकोच वाटतो.

अर्थात अवघड जागा इथेही आली. ‘धाकट्याला सारे आधीपासून ठाऊक होते, हे थोरल्याला कळून चुकले,’ असे एकच वाक्य कथेत होते, आणि सारी कथा त्यावर तोललेली होती. तीन वेळा मी त्याचे संवाद केले आणि तिन्ही वेळा भांडण झाले, कळणे झालेच नाही. शेवटी कथेत केवळ ओझरता येणारा किल्ल्यांचा जुडगा कामी आला. थोरला किल्ल्या टेबलावर मांडून एकेक खोली मोजतो, तर मागच्या दाराची किल्ली कमी भरते. धाकटा खिशातून ती काढून रांगेत ठेवतो. तिला घर घेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी बांधलेली असते, थोरल्याच्याच अक्षरातली.

मसुदा लेखिकाबाईंना वाचायला दिला, तेव्हा आपले ते वाक्य कुठे गेले, असे त्या विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. त्यांनी त्याबद्दल काहीच विचारले नाही. किल्लीनंतर थोरल्याच्या तोंडी मी ‘म्हणजे तुला ठाऊक होतं?’ एवढा एक संवाद राहू दिला होता. त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून त्या म्हणाल्या, “किल्ली ठेवल्यावर आता यानं कशाला बोलायचं?” तो संवाद मी तिथेच खोडला.