ग्राफिक्स कार्ड बनवायला किती खर्च येतो हे शोधताना मी कुठे अडकलो

एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०८० आणि एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या दोन ग्राफिक्स कार्डांची गती आणि बनवायचा खर्च यांची तुलना करायला घेतली तेव्हा वाटलेलं की वेळ बेंचमार्कलाच, म्हणजे गतीच्या चाचण्यांनाच जाणार, पण ते दोन दिवसांत उरकलं. साध्या रेंडरिंगमध्ये, म्हणजे चित्र काढण्यात, दोन्ही जवळपास बरोबरीला, कुठे कुठे ७९०० थोडं पुढे, रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून चित्र काढणं) लावलं की मात्र ४०८० पुढे.

अडकलो मेमरीच्या भावावर. ४०८० वर जीडीडीआर६एक्स प्रकारच्या मेमरीच्या ८ चिपा, ७९०० वर जीडीडीआर६च्या १२, म्हणजे खर्च काढायला भाव हवाच. एका विक्रेत्याच्या कोटेशन फॉर्ममध्ये वर्षाला किती नग घेणार ते भरल्याशिवाय सबमिटच होईना. मी खरं ते लिहिलं, अभ्यासासाठी हवंय, नग शून्य, तर लाल चौकट येऊन फॉर्म तिथेच अडला. मग १ लिहिलं तेव्हा कुठे गेला, आणि त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही, मी रोज मेल उघडून बघतोय. शेवटी उत्तर आलं की भाव फक्त मोठ्या ऑर्डरवाल्यांनाच सांगतो. अरे मग हे फॉर्मवरच लिहा ना पहिल्या दिवशी! अजून आठवलं तरी चीड येते. तुम्ही असल्या फॉर्मच्या भरवशावर अजिबात थांबू नका.

मग पैसे बाजूला ठेवले आणि चिपा मोजल्या. दोन्हींच्या मुख्य चिपा टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ५ नॅनोमीटर घराण्यातल्या पद्धतीने बनतात, आणि ज्या गोल चकतीतून त्या कापतात तो वेफर ३०० मिलिमीटर व्यासाचा. ४०८० ची चिप साधारण ३७९ चौरस मिलिमीटर, वेफरच्या क्षेत्रफळाला तिने नुसता भागाकार केला तर १८६ चिपा येतात, पण गोल वेफरच्या कडेला तुकडे वाया जातात, ते धरलं की १५२ च्या आसपास. ७९०० ची मुख्य चिप ३०४ ची, तिच्या १९४. हे जमलं त्या रात्री खरंच खूप बरं वाटलं. ७९०० ला वर ३७.५ च्या सहा छोट्या चिपा लागतात, पण त्या ६ नॅनोमीटरवर बनतात आणि एका वेफरमध्ये जवळजवळ २९६ कार्डांपुरत्या निघतात.

तरी नुसत्या संख्येवर जाऊ नका. ४०८० मध्ये ८० पैकी ७६ एसएमच (चिपेतले गणित करणारे गट) चालू असतात, त्यामुळे थोडी सदोष चिपही खपते, ७९०० एक्सटीएक्सला सगळी ९६ सीयू (एएमडीकडचे तसलेच गट) धड लागतात.

आणि हो, बेंचमार्कआधी कार्ड पंधरा मिनिटं तापू द्या, थंड कार्डाचे आकडे फुगतात, माझे पहिले सगळे रन त्यापायी परत घ्यावे लागले.