घामेजणारा डबा

कागलच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत, बटण मशरूमचं एक युनिट आहे. गेल्या ऑगस्टात सकाळी साडेसहाला मालकाचा फोन आला. "दादा, तीन नंबरची खोली रात्रभर ॲपवर दिसंना झालीय. सीओटू किती चढलाय काय कळंना."

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून निघालो. रस्ताभर पोटात गोळा, कारण त्या खोलीतलं वाय-फाय मार्चमध्ये मीच बसवलेलं. पहिल्यांदा ऑफिसात छताला लावतात तसला पांढरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल देणारा डबा, लावला होता, तो तीन आठवड्यांत गेला. मग आयपी ६७ चा महागडा, बाहेर लावायचा डबा आणून दिला आणि "आता दहा वर्षं बघायला नको" असं छाती फुगवून सांगितलं.

खोलीत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर धुकं चढलं. तापमान १७ अंश, आर्द्रता नव्वदीच्या घरात. पाच मजली लोखंडी रॅक, त्यावर कंपोस्टच्या पिशव्या, वर कोकोपीटचा थर. मशरूमच्या माना लांब झालेल्या, टोप्या बारक्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या वर रेंगाळला की असं होतं, आणि असला माल भाव खातो कुठला! चार दिवस सेन्सर अधूनमधून गायब व्हायचा म्हणे, आणि हवा बदलणारा पंखा त्या सेन्सरच्या आकड्यावर चालणारा. आकडा आला नाही की पंखा होता तसाच. ही जोडणीही माझीच.

शिडी लावून डबा उतरवला. चार स्क्रू काढले तर आतून चमचाभर पाणी ओघळलं. केबलच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. शिरोळकडच्या एका गुलाबाच्या पॉलिहाऊसात गंधकाच्या धुरीनं काळ्या पडलेल्या पिना मी पाहिल्या होत्या, पण हा हिरवा गंज साध्या पाण्याचा.

आयपी ६७ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. इथं डबा बुडत नव्हता, श्वास घेत होता. चालू असताना तो कोमट. लाईट गेली की गार पडतो, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा ओढून घेते. तिला वाट दिली होती मी. जाड केबलसाठी असलेल्या ग्लँडमधून, म्हणजे केबल आत घ्यायच्या आवळत्या बुचातून, बारीक केबल घातली होती, रबरानं पकडच घेतली नव्हती.

खाली उभ्या असलेल्या आक्का म्हणाल्या, "ह्यो रोज सकाळी घामेजतोय. आणि पीक निघाल्यावर खोली वाफवतो तवा ह्याला काढायचं असतंय का? आमास्नी कुणी सांगितलंच न्हाई."

वाफवतात, म्हणजे कुकआऊट. तासन्‌तास ७० अंशांच्या आसपास. डब्याच्या कागदावर कमाल ५५ लिहिलेलं. मी मालकाला रेंज विचारली, बजेट विचारलं. खोली कशी धुता, कशी तापवता हे विचारलंच नव्हतं.

मालकाचं म्हणणं, फॉगरच्या धुक्यानं सिग्नल खाल्ला. धुकं २.४ गिगाहर्ट्झचं फारसं काही बिघडवत नाही. बिघडवतं ते ओलं कंपोस्ट आणि लोखंडी रॅक. मार्चमध्ये रिकाम्या खोलीत उणे ४८ डीबीएम सिग्नल मिळालेला (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), आता भरल्या खोलीत त्याच कोपऱ्यात दुसरा डबा धरून बघितलं तर उणे ७१. रिकाम्या खोलीत मोजमाप करून मी शाबासकी घेतली होती!

बरं, मग ॲक्सेस पॉइंट बाहेर पॅसेजमध्ये लावावा म्हटलं तर भिंती पफ पॅनेलच्या, मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंनी पत्रा. दार लावलं की आत रेंज मरते. दुपारपर्यंत डोकं खाजवून एवढंच सुचलं: यंत्र कोरड्या पॅसेजात, फक्त अँटेना आत. बाहेर अँटेना जोडता येते असं मॉडेल गावातून आणलं, पॅनेलला भोक पाडून हातभर केबल आत घेतली (लांब घेतली तर सिग्नल केबलच पितो), भोक दोन्हीकडून सिलिकॉननं बंद केलं. अँटेना रॅकवर न लावता मधल्या वाटेच्या डोक्यावर. तिच्यात जळण्यासारखं काही नाही आणि ती वाफ सोसणारी बघूनच घेतली. केबलला भिंतीआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. सेन्सरना २.४ शिवाय दुसरं काही कळत नाही, म्हणून ५ गिगाहर्ट्झचा नाद सोडला.

पंख्याचं मात्र वाय-फायवरून काढलंच. सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंत सरळ वायर ओढली. वाय-फाय आता फक्त मालकाला मोबाइलवर आकडे दाखवायला. त्या वायरीचे पैसे मी लावले नाहीत.

संध्याकाळी दार लावून शेवटच्या रॅकपाशी उभा राहिलो. उणे ५८.

आक्कांनी विचारलं, "मग आता वाफंच्या दिवशी काय काढायचं?"

"काहीच नाही, आक्का."

"बगा हं," म्हणत त्यांनी मार्कर घेतला आणि भोकाशेजारी पत्र्यावर तारीख लिहून ठेवली.