घरट्याची जागा मी का सांगत नाही

टिटवी अंड्यांवर बसल्याचा फोटो दाखवला की कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, नेमकं कुठे आहे हे घरटं?" मी उत्तर टाळते, काहींना त्याचा रागही येतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज कारण सांगते.

ठाणे खाडीच्या नवी मुंबईकडच्या काठाला जुनी मिठागरं, त्यांचे बांध आणि भरावाचे मोकळे तुकडे अजून शिल्लक आहेत. उन्हाळ्यात टिटवी तिथे उघड्या जमिनीवरच अंडी घालते. घरटं म्हणजे नुसता उथळ खळगा, भोवती खडे, कधी शेळीच्या लेंड्या. मातकट रंगाची, काळ्या डागांची बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत केलेली. पुढ्यात असली तरी दिसत नाहीत. पाय पडल्यावरच कळतं. शेकाट्या हा लांब पायांचा पाणपक्षी पाण्यालगत घरटं करतो आणि पाणी चढायला लागलं की काड्या, चिखल रचून ते उंच करत राहतो.

पण खरी गोष्ट उन्हाची आहे. आपण म्हणतो पक्षी अंडी उबवतो. मे महिन्यातल्या दुपारी मात्र टिटवी अंडी थंड ठेवायला बसलेली असते. दुर्बिणीतून मी हे पाहिलंय: डबक्यात उतरली, पोट पाण्यात टेकवून पिसं भिजवली, थेंब गाळत चालत आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. तिला जागा देऊन उठलेला नर लगेच पाण्याकडे निघाला. दोघांची ही पाळी उन्हं उतरेपर्यंत चालू.

अशा वेळी माणूस जवळ गेला की दोघंही उठतात, डोक्यावर ओरडत घिरट्या घालतात. फोटोसाठी आपण पाच मिनिटं जास्त थांबलो, तर तेवढा वेळ अंडी तापलेल्या मातीवर उघडी. शिवाय कावळे माणसावर नजर ठेवून असतात. आपण कुठे वाकलो ते त्यांना नेमकं कळतं. एक जण जाऊन आला तर कदाचित निभावेल. पण जागा एकदा कळली की एकावर थांबत नाही, रविवारी गाड्या येतात.

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. याचं मोल मोठंच आहे. पण मी पाहते ती घरटी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, तिथे ना फाटक ना पहारा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अंडी-घरट्यांना उपद्रव देणं शिकारीतच मोडतं, हे तिथे सांगणार कोण?

फ्लेमिंगो बघायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोटीने खुशाल जा. ते वीण इथे करत नाहीत, कच्छच्या रणात करतात. आणि टिटवीची पिल्लं बघायची असतील तर मला कळवा. अंड्यातून निघाली की काही तासांतच ती घरटं सोडून चालायला लागतात. मग लांबच्या बांधावरून दाखवेन, दुर्बीण माझ्याकडे आहे.